उत्तर आले, पण ती संख्या आहे का?

बालमित्रांनो, कॅल्क्युलेटरवर ५ भागिले ० करून पाहा बरं! पडद्यावर ‘एरर’ किंवा नुसते ‘ई’ उमटेल. आमच्या वर्गात हे पाहून एक जण ओरडला, “गुरुजी, मशीन बिघडली!”

बिघडली नाही रे! आपले चिखला म्हणजे मँगनीजच्या खाणीचे गाव. समजा, ५ टन मँगनीज न्यायचे आहे आणि ट्रक दर खेपेला ० टन नेतो. किती खेपा लागतील? ट्रक फिरतच राहील, ढीग काही हलणार नाही!

आता ढीगही ० टन आणि खेपही ० टन. मग किती खेपा? एक म्हणा, सात म्हणा, शंभर म्हणा, सगळेच जमते. म्हणजे नक्की असे उत्तरच नाही.

शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले. तिच्यात काही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही, असे त्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात सांगितले.

संगणकातील दशांश संख्यांसाठी १९८५ मध्ये नियम ठरले. त्यांत ५ भागिले ० चे उत्तर ‘अनंत’, तर ० भागिले ० चे उत्तर ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’.

हा नॅन मोठा लबाड! त्यात १० मिळवा, नॅनच येतो. दुधात मिठाचा खडा पडावा, तसे पुढचे सारे गणित नासते. समजा, प्रोग्रॅममध्ये लिहिले, ‘सरासरी ३५ पेक्षा कमी असेल तर नापास, नाहीतर पास.’ एक मुलगा परीक्षेलाच बसला नाही. गुण ०, विषय ०, सरासरी नॅन! नॅन ३५ पेक्षा कमी आहे का? संगणक म्हणतो, ‘नाही.’ झाला की पास!

ही नुसती गंमत नाही हं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘यॉर्कटाउन’ युद्धनौकेवर संगणकाच्या एका रकान्यात ० भरले गेले. शून्याने भागाकार झाला, यंत्रणा कोलमडली आणि नौका भर समुद्रात थांबली!

मग नॅन ओळखायचा कसा? त्यासाठी एका ओळीचा प्रोग्रॅम पुरतो. उत्तराला विचारायचे, ‘तू स्वतःइतकाच आहेस का?’ ५ म्हणेल, ‘हो.’ अनंतही म्हणेल, ‘हो.’ एकटा नॅन म्हणेल, ‘नाही!’ नियमानुसार तो कोणाच्याच बरोबर नसतो, स्वतःच्याही नाही. सापडला की नाही चोर?

तेव्हा दोस्तांनो, भागाकार करण्याआधी खाली शून्य तर नाही ना, हे तपासा. आणि सांगा पाहू, अनंतातून अनंत वजा केले, तर संगणक काय म्हणेल? आईबाबांनाही विचारा!

(उत्तर : नॅन)