माशांच्या हौदातील गोगलगायींचा बंदोबस्त

सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ गावी डासांच्या बंदोबस्तासाठी घराशेजारच्या सिमेंटच्या हौदात गप्पी मासे सोडलेले असतात. काही घरी मुलांच्या हौसेखातर काचेच्या पेटीत रंगीत मासेही पाळले जातात. अशा हौदात किंवा पेटीत काही दिवसांनी बारीक गोगलगायी दिसू लागतात आणि पाहता पाहता त्यांची संख्या शेकड्यांवर जाते. तासगाव, मिरज या भागांत बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरात असतेच. त्यातील चिमूटभर पाण्यात टाकण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु त्यामुळे गोगलगायींबरोबर मासेही मरतात. सबब गोगलगायी कशा येतात व का वाढतात हे समजून घेऊन मगच उपाय योजणे हिताचे होय.

त्या कोठून येतात ?

ओढा, कालवा किंवा तळे यांतून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर त्या बहुधा येतात. पानांच्या मागील बाजूस पारदर्शक, बुळबुळीत थेंबासारखी अंड्यांची चिकटी असते, ती सहज दृष्टीस पडत नाही. यांपैकी पुष्कळ जातींत नर व मादी वेगवेगळे नसतात. एकटी गोगलगायही प्रजा वाढवू शकते. निमुळत्या, उभ्या शंखाची एक जात तर अंडी न घालता पिलेच देते व दिवसा तळाच्या वाळूत दडून राहते. यास्तव 'एक-दोनच आहेत' म्हणून स्वस्थ राहू नये.

संख्या का वाढते ?

गोगलगायींचे अन्न म्हणजे शेवाळ, कुजलेली पाने, मेलेले मासे व माशांनी न खाल्लेले खाद्य. हौदात भाकरीचा चुरा, भाताची शिते वा कोंडा वारंवार टाकला जातो. मासे त्यातील थोडेच खातात, उरलेले तळाशी बसते व त्यावर गोगलगायी पोसतात. अन्न पुष्कळ तेथे प्रजा पुष्कळ, हा साधा नियम येथे लागू पडतो. अन्न कमी न करता नुसत्या गोगलगायी मारल्या, तर राहिलेल्या अंड्यांतून थोड्याच आठवड्यांत पूर्वीइतकी संख्या पुन्हा होते. थोड्या गोगलगायी मात्र अपायकारक नसतात. त्या शेवाळ व कुजके अन्न खाऊन टाकतात.

मोरचूद का टाकू नये ?

मोरचुदातील तांबे गोगलगायींस मारते हे खरे, पण तेच माशांच्या कल्ल्यांसही इजा करते. २०० लिटरच्या पिंपात केवळ १ ग्रॅम मोरचूद टाकले तरी दर लिटर पाण्यात ते ५ मिलिग्रॅम होते. हे प्रमाण पुष्कळ माशांना घातक ठरू शकते, आणि इतके बारीक माप घरच्या तराजूवर होत नाही. पाणी मऊ असेल तर तांब्याचा परिणाम अधिकच तीव्र होतो. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या म्हणजे त्या कुजून पाण्यातील प्राणवायू कमी होतो व वाचलेले मासेही गुदमरतात. हौदाचे पाणी जनावरे पीत असतील, तर धोका आणखी मोठा. मेंढ्यांना तांब्याची बाधा विशेष लवकर होते. माण, आटपाडी, जत येथील मेंढपाळांनी हे ध्यानात ठेवावे.

उपाय

१. उघड्या हौदातील गप्पी माशांना डासांच्या अळ्या व शेवाळ यांवर सहसा पोट भरता येते. त्यांना वरून खाद्य टाकू नये. काचपेटीतील माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

२. सायंकाळी एका बशीत कोबीचे पान किंवा काकडीचा काप ठेवून बशी तळाशी सोडावी. रात्रीत गोगलगायी त्यावर जमतात. सकाळी बशी अलगद वर काढावी. हा क्रम काही आठवडे नेमाने चालवावा.

३. पेटीच्या काचेवरील व पानांवरील अंड्यांची चिकटी खरवडून काढावी. कुजकी पाने व तळाचा गाळ काढून टाकावा. आठवड्यातून एकदा सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते पाणी एक रात्र उघडे ठेवून मग वापरावे.

४. नवीन वनस्पती आणल्यास ती तीन-चार आठवडे निराळ्या बादलीत ठेवावी. निघालेल्या गोगलगायी व अंडी वेचून काढावीत व नंतरच ती पेटीत लावावी.

५. उपद्रव फारच झाला असेल, तर मासे दुसऱ्या भांड्यात काढून हौद रिकामा करावा. काही गोगलगायी ओल्या गाळात दडून कोरडे दिवस काढतात, म्हणून सर्व गाळ खरवडून काढावा. हौद कडक उन्हात वाळवून आतून चुना लावावा. पुन्हा भरण्यापूर्वी तो दोन-तीनदा स्वच्छ धुवावा, कारण ताज्या चुन्याचे पाणी माशांना मारक असते.

गोगलगायी व जनावरांचे रोग

पाण्यातील काही गोगलगायींच्या शरीरात गाईम्हशींच्या व शेळ्यामेंढ्यांच्या यकृतकृमींची वाढ होते. रोगी जनावराच्या शेणातून कृमींची अंडी पाण्यात जातात. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म जीव गोगलगाईत शिरतात, तेथे वाढून बाहेर पडतात व पाण्याकाठच्या गवतास चिकटून राहतात. ते गवत खाल्ल्याने जनावरास कृमी जडतात. मग जनावर खंगते, दूध कमी होते आणि जबड्याखाली सूज येते. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकास दाखवावे.

काचपेटीत शेण जात नाही, म्हणून तेथील गोगलगायींपासून हे भय नाही. परंतु त्याच गोगलगायी ओढ्यात किंवा कालव्यात टाकल्या, तर रोगाच्या साखळीस नवा दुवा मिळू शकतो. कृष्णेच्या खोडशी येथील कालव्यापासून टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांपर्यंत या दोन जिल्ह्यांत कालव्यांचे जाळे पसरलेले आहे. एका ठिकाणी टाकलेली घाण पाण्याबरोबर दूरवर जाते. यास्तव काढलेल्या गोगलगायी चुना घालून खड्ड्यात पुराव्यात, हौदाचे धुणे विहिरीपासून दूर कोरड्या जमिनीत जिरू द्यावे व काम आटोपताच हात साबणाने धुवावेत. जनावरांच्या हौदात शेण पडू देऊ नये, व त्याच्या भोवती पाणी साचून चिखल होऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गप्पी माशांचे हौद पाहताना तळाशी उरलेले अन्न व गोगलगायी यांचीही पाहणी करावी. कोणी मोरचूद टाकण्याच्या विचारात असल्यास त्याचे कारण समजावून द्यावे आणि बशीचा उपाय प्रत्यक्ष करून दाखवावा. खर्च काहीच नाही, फक्त नेम हवा.