सोसणं आणि सांगणं : केमोथेरपीच्या दुष्परिणामांविषयी

मागच्या व्याख्यानात आपण वेदना आणि दुःख या दोन शब्दांमधला फरक पाहिला. कार्यक्रम संपल्यावर काही जणांनी आम्हाला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "सर, हे सगळं खरं, पण घरात केमो चालू असेल तर याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. जिन्यात उभं राहून उत्तर देता आलं नाही, म्हणून आजचा विषय हा. एक खुलासा आधीच करतो. आमच्या नावामागे जो 'डॉक्टर' आहे तो तत्त्वज्ञानाचा. त्याने कुणाचा ताप उतरत नाही. औषध कोणतं आणि किती, हे ज्याने त्याने आपापल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारायचं. आपण बोलणार आहोत ते, सोसणं कुठे थांबवायचं आणि सांगणं कुठे सुरू करायचं, याबद्दल.

दुष्परिणाम होतात तरी का, हे थोडक्यात समजून घेऊ. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, आणि केमोची बहुतेक जुनी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालतात. पण शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतात: केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरात, हाडांच्या मगजात जिथे रक्त तयार होतं तिथे. औषधाला आपला-परका कळत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात. यातली काही औषधं तर आपल्या अंगणातली आहेत. सदाफुली मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी वापरत. 1950च्या दशकात कॅनडात तिची त्यासाठी तपासणी चालू असताना लक्षात आलं, की साखर फारशी हलत नाही, पण पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी होतात. त्यातून व्हिनब्लास्टिन आलं, पुढे व्हिनक्रिस्टिन आलं. म्हणजे आपण ज्याला दुष्परिणाम म्हणतो, त्यातूनच औषधाचा शोध लागला. (सदाफुलीची पानं चावून कॅन्सर जात नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण असा सल्ला देणारे शेजारी आम्हालाही भेटले.)

आता मुद्द्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात पत्नीची केमो चालू होती. दुसरं सलाईन होऊन दहा दिवस झाले होते. ती मुळात सोशिक. एवढ्या आजारात तिने एकदाही 'आई गं' म्हटलं नाही, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत होतो. त्या रात्री तिला थंडी वाजून ताप भरला. तिने उठून तापाची गोळी घेतली, दोन चादरी पांघरल्या आणि पडून राहिली. पहाटे पाच वाजता आम्ही कपाळाला हात लावला तेव्हा कपाळ भाजत होतं. "अगं, उठवायचं नाहीस का?" "अहो, रात्री कशाला? तुमची झोप मोडली असती. मुलालाही ऑफिस होतं." थर्मामीटरवर 102. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर जंतूंशी लढणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. सहा दिवस ॲडमिट, शिरेतून ॲण्टीबायोटिक. वाचली. पण तपासणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "सर, रात्री का नाही आलात?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर खरं तर होतं. आम्हीच तिच्या सोशिकपणाची आरती ओवाळत होतो, मग ती आम्हाला उठवणार कशी?

म्हणून हे नीट ऐकून ठेवा. बहुतेक औषधांमध्ये डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा ताप नसतानाही हुडहुडी, ही 'सकाळी बघू' म्हणण्याची गोष्ट नाही. साध्या माणसाला ताप येतो तो शरीर लढत असल्यामुळे. इथे लढणारं सैन्यच नसतं, त्यामुळे पू नाही, सूज नाही, फक्त ताप असतो. तो एवढा एकच निरोप. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी घेणं म्हणजे तो निरोपही पुसून टाकणं. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शिरताना पहिलं वाक्य हे म्हणायचं: "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला." ताप, खोकला, कालपासून बरं नाही, हे सगळं त्यानंतर. नाही तर तुम्ही साध्या तापाच्या रांगेत बसता.

इथे आमचा विषय सुरू होतो. आपल्याकडे सोसण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणि' या ग्रंथात तितिक्षेची व्याख्या आहे: सगळी दुःखं चिंता न करता, विलाप न करता सोसणं. आपण एवढंच लक्षात ठेवतो. पण त्या व्याख्येत आणखी एक अट आहे, दुःखाचा प्रतिकार न करता सोसणं. म्हणजे उपाय न शोधता. आम्ही हा ग्रंथ कित्येक वर्षं वर्गात शिकवला आणि या अटीवरून सहज पुढे जात राहिलो. त्या पहाटेनंतर ती अट डोळ्यांत खुपायला लागली. ज्या साधकासाठी ही व्याख्या केली, त्याने मोक्षासाठी सगळं सोडलेलं असतं. आपला पेशंट मात्र प्रतिकार करायलाच निघालेला असतो. केमो हाच प्रतिकार आहे. एका हाताला सलाईन लावून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने उलटीची गोळी नाकारायची, यात तितिक्षा नाही, नुसता गोंधळ आहे. चिंता कमी करा, विलाप कमी करा, हे ठीक. पण 'मला काल चार जुलाब झाले' हे वाक्य विलाप नाही. ती माहिती आहे.

आणि ती माहिती किती मोलाची आहे, याला पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलात 766 पेशंटवर एक अभ्यास झाला. त्याचे आयुर्मानाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला होता आणि सगळ्यांची केमो चालू होती. एका गटाची नेहमीसारखी देखभाल. दुसऱ्या गटाने आपल्याला काय होतंय ते संगणकावर नियमित नोंदवायचं: मळमळ किती, दुखणं किती, थकवा किती. काही बिघडलं की नर्सला निरोप जायचा आणि ती फोन करायची. नोंद करणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान 31.2 महिने निघालं, दुसऱ्या गटाचं 26 महिने. कॅन्सरचं कोणतंही नवं औषध दिलेलं नव्हतं. फक्त सांगण्याची सोय केली होती, आणि सांगितलेलं ऐकायला माणूस ठेवला होता.

मग लोक सांगत का नाहीत? घरच्यांना त्रास नको, हे एक कारण झालं. दुसरं जास्त खोल आहे: सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतील किंवा केमो थांबवतील, ही भीती. हाता-पायांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावता येत नाही, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, आणि पेशंट गप्प. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन या औषधांनी नसांना इजा होते. वेळेवर कळलं तर डोस बदलता येतो, दोन डोसांमधलं अंतर वाढवता येतं. न सांगता पुढचे डोस घेतले तर काही जणांचा तो बधिरपणा कायमचा राहतो. पेशी कमी होत असतील तर त्या वाढवायचं इंजेक्शन असतं. डोस बदलला म्हणजे उपचार फसले, असं समजायचं कारण नाही.

आता मळमळ. ही आम्हाला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यात विलक्षण वाटते. तिचे तीन प्रकार. पहिल्या चोवीस तासांतली. त्यानंतर दोन-चार दिवस रेंगाळणारी. आणि तिसरी, जी औषध अंगात जायच्या आधीच येते. हॉस्पिटलच्या लिफ्टमधला वास आला की उमासे सुरू. शेजारचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मनाचे असतील, पण खेळ नव्हेत. पावलोवच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटायची, तसंच हे शरीराचं शिकणं आहे. म्हणून पहिल्या डोसपासून उलटीची औषधं सांगितल्याप्रमाणे, उलटी होण्याच्या आधी घ्यायची. "होईल तेव्हा बघू" म्हणालात तर शरीर धडा शिकतं, आणि तो विसरायला लावणं फार कठीण जातं.

या शिकण्याचा एक सुंदर प्रयोग आहे. 1978 साली अमेरिकेत इलीन बर्नस्टीन यांनी केमो घेणाऱ्या मुलांना डोसच्या आधी एका नव्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर त्या मुलांना ते आइस्क्रीम नकोसं झालं. मळमळ औषधाची, शिक्षा आइस्क्रीमला. पुढे 1987 साली त्याच गटाने उलटं करून पाहिलं: जेवण आणि केमो यांच्या मध्ये मुलांना एका वेगळ्याच चवीची गोळी चघळायला दिली. तिरस्कार त्या गोळीवर गेला आणि जेवण बरंचसं बचावलं. आमच्या घरी हे माहीत नव्हतं. केमोच्या दिवशी तिने पोटभर खावं म्हणून आम्ही तिच्या आवडीची मुगाची खिचडी आणि कढी डब्यात न्यायचो. आज आमच्या घरात खिचडी होत नाही. तेव्हा केमोच्या दिवशी साधं, हलकं, नावडलं तरी चालेल असं काही न्या. आवडीचं पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

बाकीचं भराभर सांगतो. तोंड आलं असेल तर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, तिखट आणि आंबट बंद. तोंडाला लोखंडासारखी चव येते, तेव्हा स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरून पाहा. ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर फ्रिजमध्ये हात घालू नका, गार पाणी पिऊ नका, झटके बसल्यासारखं होतं. थकव्याचं मात्र उलटं आहे: हा थकवा झोपून जात नाही, रोज थोडं चालल्याने कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. घरच्यांनी "तू पडून राहा" एवढंच म्हणत राहू नये. आणि शब्द आठवत नाहीत, गॅसवर दूध विसरतं, हेही केमोमुळे होतं. वयावर किंवा स्वभावावर ढकलू नका.

सांगायचं कसं? डॉक्टरांच्या खोलीत मिळतात जेमतेम पाच मिनिटं. "कसं वाटतंय?" "ठीक आहे." संपलं. आमच्या घरी त्या सहा दिवसांनंतर एक दोनशे पानी वही आली. त्यात रोज तीन-चार आकडे: ताप, उलट्या, जुलाब, आणि दहापैकी दुखणं किती. लिहायची तीच, आम्ही नाही. सुरुवातीला आम्ही लिहीत होतो तेव्हा तिचं सात आमच्या वहीत पाच व्हायचं. दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही, यावर तत्त्वज्ञानात ढीगभर लेखन आहे. आम्ही त्यावर पेपरही तपासले आहेत. तरी पाच लिहीत होतो.

छोट्या तक्रारीचंही सांगा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. उलटीवरचं ओलान्झापिन 10 मिलिग्रॅम घेतल्यावर माणूस दिवसभर पेंगतो. तिथे 2.5 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर उलट्यांवर ताबा जवळपास तेवढाच राहिला आणि पेंग कमी झाली. 'झोप येते' ही तक्रारही कुणीतरी कानावर घेतली, म्हणून हे झालं. स्वतःच्या मनाने मात्र गोळी अर्धी करू नका, विचारा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: काढा किंवा इतर पॅथीचं औषध सोबत चालेल का? कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही. यकृत एकच असतं, आणि काही वनस्पती केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतात. डॉक्टर रागावतील म्हणून लपवणं, हा न सांगण्याचाच तिसरा प्रकार आहे.

दुसरी: केस केव्हा येतात? बहुतेकांना शेवटच्या डोसनंतर एक ते तीन महिन्यांत लव दिसू लागते. आमच्या घरी आधी सरळ होते, आले ते कुरळे. नात म्हणाली, आजी, तू पार्लरला गेली होतीस का? वर्षभरात पुन्हा सरळ झाले.