जुळणीचे शास्त्र : एका जुन्या जावाचा क्लच

रक्तगट जुळल्याखेरीज रक्त द्यावयाचे नाही आणि गट जुळला तरी क्रॉसमॅच केल्यावाचून पिशवी लावावयाची नाही, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. जुन्या यंत्रांच्या बाबतीत मात्र चांगली सुशिक्षित माणसेही ‘दिसायला तसाच आहे, बसवून टाका’ असे सहज म्हणून जातात. वडिलांच्या जावा मोटारसायकलचे इंजिन नव्याने बांधून घेताना या दोन वृत्तींतील अंतर मला जवळून पाहावयास मिळाले. आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांनी उमेदीच्या काळातील व्हिजिटा याच गाडीवरून केल्या असल्याने हा विषय स्मरणिकेच्या वाचकांना परका वाटणार नाही, असा विश्वास आहे.

जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात जन्माला आले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून या गाड्या बनविण्यास आरंभ केला. १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ हे नाव झळकू लागले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. म्हणजे आज या गाड्यांचा मूळ उत्पादक अस्तित्वात नाही. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले खरे, परंतु त्या गाड्यांची इंजिने चार स्ट्रोकची व द्रवशीतित आहेत. आमच्या दोन स्ट्रोकच्या, २५० सीसी इंजिनाशी त्यांचे नाते नावापुरतेच. दुकानात नुसते ‘जावाची क्लचप्लेट’ म्हणून विचारणे आता पुरेसे नसते, ते याचमुळे.

वडिलांनी या गाडीवरून खानापूर तालुक्यातील गावे पावसापाण्यात पालथी घातली. अलीकडे जांबोटीच्या वाटेवर चढ लागला की इंजिनाचा आवाज वाढे, वेग मात्र वाढत नसे. क्लच घसरत असल्याचे हे ठळक लक्षण. उघडून पाहता निदान पक्के झाले. घर्षणप्लेटांमधील बूच जळून कठीण झाले होते, पोलादी प्लेटा तापून निळ्या पडल्या होत्या व वाकल्याही होत्या. ज्या डब्यात त्या बसतात त्याच्या बोटांवर खोल खाचा पडल्या होत्या.

क्लचची रचना तशी साधी. घर्षणप्लेटा इंजिनाकडून फिरणाऱ्या डब्यात अडकलेल्या असतात, तर पोलादी प्लेटा गिअरबॉक्सच्या दांड्यावरील गाभ्यात. एकाआड एक रचलेल्या या प्लेटांना स्प्रिंगा दाबून धरतात. चवड पातळ झाली तर स्प्रिंगांचा दाब कमी पडून क्लच घसरतो. ती जाड झाली तर स्प्रिंगा आधीच आवळल्या जातात, प्लेटा पुरत्या सुटत नाहीत आणि गिअर टाकताना दात करकरतात. जावाच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. तिचा गिअर पायाने हलविताच आतील यंत्रणा क्लच आपोआप सोडविते. पायाच्या दांडीने मिळणारी ही उचल ठरावीक व अल्प असते. म्हणून हाताच्या क्लचला कशीबशी मानवणारी जुळणी पायाच्या क्लचला मानवेलच असे नाही.

प्लेटांचा शोध बंगळुरूच्या जे. सी. रोडपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत झाला. एका विक्रेत्याने ‘हुबेहूब मूळ मापाच्या’ म्हणून पाठविलेल्या प्लेटांची चवड दीड मिलिमीटरने जाड भरली. माझा धीर सुटत चालला होता, कारण वडिलांच्या स्मृतिदिनापर्यंत गाडी चालू व्हावी अशी आईची इच्छा होती. त्या पंचाऐंशीच्या आहेत. त्याच प्लेटा बसवाव्यात असे मी सुचवून पाहिले. चाळीस वर्षे हेच काम करणारे आमचे मेस्त्री शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आकडा बघा, चेहरा बघू नका.”

मग आकडेच पाहिले. जुन्या प्लेटा झिजलेल्या असल्याने त्यांचे माप प्रमाण मानता येत नव्हते. मेस्त्रींच्या वहीत चांगल्या चालणाऱ्या अनेक जावांची मापे नोंदलेली होती. ती आम्ही आधाराला घेतली. प्रत्येक प्लेट व्हर्नियरने चार ठिकाणी मोजली. जाड काचेवर ठेवून, कडेखाली फीलर गेज सरकवून वाक तपासला. बाहेरील दातांची रुंदी, आतील खाचांची संख्या व व्यास पडताळले. स्प्रिंगांची मोकळी लांबी एकमेकींशी ताडून पाहिली, कारण एक जरी आखूड असली तरी दाब तिरका पडतो. अखेर नव्या बुचाच्या प्लेटा आणि योग्य जाडीच्या पोलादी प्लेटा यांचा मेळ घालून चवड जमली. डब्याची बोटे उद्यमबागेतील एका कारखान्यात भरून सारखी करून घेतली. तेलाच्या बाबतीतही पथ्य पाळावे लागले. हा क्लच तेलात बुडालेला असतो. मोटारींच्या तेलांतील घर्षण कमी करणारी द्रव्ये त्याला घसरवितात. म्हणून ओल्या क्लचसाठीच्या ‘जासो एमए’ मानकाचे तेल घातले.

या खटाटोपात बालरोगतज्ज्ञ म्हणून मला खटकलेली एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते. बूच निरुपद्रवी, परंतु त्या काळच्या ब्रेकच्या व पुष्कळशा क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि जुन्या पडून राहिलेल्या मालात ते आजही हाती येऊ शकते. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. सुट्टीत आलेला मेस्त्रींचा पंधरा वर्षांचा नातू ब्रेकच्या ड्रममधील धूळ तोंडाने फुंकून काढत होता. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग घडवितात आणि तो प्रकट व्हायला दोन-तीन तपे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पंधराव्या वर्षी आत गेलेल्या धुळीला पुढे वाट पाहावयास भरपूर आयुष्य मिळते. हे समजावून सांगितल्यावर मेस्त्री काही वेळ बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते छातीच्या एक्स-रेसाठी आले. सुदैवाने फुप्फुसे स्वच्छ निघाली. आता गॅरेजात फुंकणे आणि कॉम्प्रेसरची हवा मारणे बंद आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद केले जाते आणि कामाचे कपडे घरी जात नाहीत.

स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी गाडी जांबोटीचा चढ न घसरता चढली. आईने अंगणात उभे राहून तिचा आवाज ऐकला आणि “ह्यांच्यापेक्षा तू हळू चालवतोस,” एवढेच त्या म्हणाल्या.

व्यवसायबंधूंना एक विनंती करून थांबतो. मुलाची केसशीट लिहिताना वडिलांचा व्यवसाय आपण विचारतोच. तेथे ‘मेकॅनिक’ असे उत्तर आले तर आणखी एक प्रश्न विचारावा : धूळ कशी काढता, आणि कामाचे कपडे कोठे धुता? कपड्यांवरून घरी येणारे तंतूही कुटुंबीयांना बाधतात. अर्ध्या मिनिटाच्या या चौकशीने एखादे घर मोठ्या संकटातून वाचू शकेल.