वजिरानं वाचवलं, प्याद्यानं घात केला!

डाव रंगात आलाय. तुमच्याकडे राजा आणि वजीर, समोरच्याकडे राजा आणि एकुलता एक घोडा. जिंकणार तुम्हीच! पण तेवढ्यात तुमच्या घड्याळात शून्य उमटलं. वेळ संपली. हरलात का?

नाही, डाव बरोबरीत सुटला!

आता वजिराच्या जागी एक साधं प्यादं आहे असं समजा. पुन्हा वेळ संपली, पण या वेळी तुम्ही हरू शकता. वजीर असताना वाचलात आणि प्यादं असताना हरलात, हे काय गौडबंगाल?

फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना, सांगते की ज्याची वेळ संपली तो हरला. पण समोरच्याकडून मात होणं शक्यच नसेल, तर बरोबरी. आता ‘शक्यच नसेल’ म्हणजे काय, तर तुम्ही कितीही वेड्यासारखे खेळलात, अगदी मुद्दाम त्याला मदत केलीत, तरीही मात होणार नसेल. तुम्ही शहाण्यासारखं खेळाल असं हा नियम धरूनच चालत नाही. मला तर तो यासाठीच आवडतो.

आता पट काढा. आधी तुमचा नुसता काळा राजा अगदी कोपऱ्यात, ए१ वर ठेवा. हे घर काळ्या रंगाचं. घोडा ज्या रंगाच्या घरात उभा असतो, त्याच्या उलट रंगाच्या घरांवरच मारा करतो. म्हणजे ए१ ला शह देणारा घोडा पांढऱ्या घरात असणार आणि त्याचा मारा फक्त काळ्या घरांवर. मग राजाला पळायला ए२ आणि बी१ ही दोन पांढरी घरं उरतात. ती कोण अडवणार? पांढरा राजा. पण दोन्ही एकदम अडवायची तर त्याला बी२ वर, काळ्या राजाला खेटून उभं राहावं लागेल. राजाला राजाशेजारी जायला तर बंदी! राजा सगळ्यात जास्त अडचणीत येतो तो कोपऱ्यात. तिथेच जमलं नाही, तर पटावर इतरत्र कुठून जमणार? म्हणूनच एका बाजूला नुसता राजा आणि दुसरीकडे राजा-घोडा एवढंच उरलं, तर घड्याळात कितीही वेळ असो, डाव तिथेच बरोबरीत संपतो.

आता काळं प्यादं ए२ वर ठेवा. पांढरा राजा सी१ वर, घोडा बी३ वर. शह! बी१ आणि बी२ पांढऱ्या राजानं अडवलीत आणि ए२ वर काळ्याचंच प्यादं दाराला कडी लावून बसलंय. मात! प्याद्याऐवजी तिथे हत्ती ठेवलात तरी मातच. पण वजीर ठेवून बघा. तो तिरका सरकून बी३ वरचा घोडा खाऊन टाकतो. कोपऱ्यातल्या राजाच्या शेजारी वजीर कुठेही असला, तरी शह देणारा घोडा त्याच्या तावडीतून सुटत नाही.

अशीच एक गंमत दोन घोड्यांची. समोर नुसता राजा असेल आणि तो नीट खेळला, तर दोन घोडे मिळूनही त्याला मात देऊ शकत नाहीत. कोंडायला गेलं की शह नसतानाच राजाला चाल उरत नाही आणि स्टेलमेट होऊन डाव बरोबरीत सुटतो. पण त्याच्याकडे एखादं प्यादं असेल, तर चाल उरते, आणि मग कधी कधी मात होते! रशियाच्या अलेक्सेई ट्रॉइट्स्की यांनी या डावाचा कसून अभ्यास केला होता.

मोबाइलवर खेळत असाल तर जरा जपून. काही ॲपचे नियम फिडेपेक्षा थोडे वेगळे असतात.

आता तुमच्यासाठी एक कोडं. पांढऱ्याकडे राजा आणि उंट, काळ्याकडे राजा आणि घोडा. काळ्याला मात बसलीय अशी मांडणी पटावर करून दाखवा. काळा राजा ए१ वर ठेवा आणि त्याच्या घोड्याला बी१ वर बसवा. पुढचं तुम्ही शोधा!