एस-अ‍ॅम्लोडिपिन आणि त्याचा जुळा

रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर कधी ‘अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ’ लिहिलेलं असतं, कधी ‘एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ मिग्रॅ’. आकडा निम्मा म्हणजे गोळी हलकी, असं समजून दोन-दोन घेणारे लोक मला भेटलेत. कृपा करून असं करू नका.

या औषधाचा रेणू दोन रूपांत असतो, डाव्या-उजव्या पायातल्या चपलांसारखा. अणू तेच, जोडणीही तीच, पण एक रूप दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. नेहमीच्या गोळीत दोन्ही निम्मी-निम्मी असतात. रक्तदाब उतरवण्याचं जवळजवळ सगळं काम एस रूप करतं; त्याच्या जोडीचं आर रूप नुसतं सोबत जातं. म्हणून निव्वळ एस असेल तर २.५ पुरतं.

एस म्हणून आलेल्या मालात आर किती शिल्लक आहे, हे शोधणं माझं काम. मी औषध कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत आहे. दोन्ही रूपांचं वजन सारखं, वितळणबिंदू सारखा. मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या रोजच्या कॉलममधून, म्हणजे भरलेल्या नळीतून, दोघं एकदमच बाहेर पडतात आणि आलेखावर एकच पीक, म्हणजे उंचवटा, उमटतं.

लुई पाश्चर यांनी १८४८मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले होते. आज तेच आम्ल अ‍ॅम्लोडिपिनची जोडी फोडायला वापरतात. त्याचं एकच रूप मिसळलं की तयार होणारे दोन क्षार एकमेकांची प्रतिबिंबं राहत नाहीत, आणि त्यातला एक आधी खाली बसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही या मार्गाची पद्धत विकसित केली.

तपासणीचं तत्त्व तेच: दोघांतला फरक ओळखायला समोरचाही एकाच बाजूचा हवा. जपानचे योशिओ ओकामोटो यांनी त्यासाठी सेल्युलोज घेतलं, कापसात असतं तेच. ते एकाच बाजूच्या साखरेच्या कड्यांचं असतं. त्यात थोडा बदल करून सिलिकाच्या कणांवर लेप दिला, की त्यातून जाताना एक रूप जास्त रेंगाळतं. असे कॉलम महाग आणि नाजूक. लेपाचा कॉलम असेल तर चुकीचं द्रावक एकदा गेलं तरी लेप विरघळतो आणि कॉलम कायमचा जातो.

आधी दोन्ही रूपांचं मिश्रण कॉलममधून सोडून त्यांचे पीक नीट वेगळे होतात का, ते पाहायचं. नाहीतर ‘आर सापडलं नाही’ या निकालाला अर्थच नाही. अशुद्धीचं, म्हणजे आरचं, पीक मुख्य पिकाच्या आधी यावं, यासाठी मी हटून बसते. नंतर आलं तर ते मोठ्या पिकाच्या शेपटीत बुडतं, आणि मोजलेला आकडा भरवशाचा राहत नाही.

रूपं वेगळी करण्याचं महत्त्व सांगताना थॅलिडोमाइड या अशाच दोन रूपांच्या औषधाचं उदाहरण देतात, पण ती गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत आलेलं हे औषध १९६१मध्ये मागे घेतलं गेलं, तोवर हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. घातक रूप आधीच वेगळं केलं असतं तर ती वाचली असती, असं अजूनही शिकवलं जातं. ते खरं नाही. शरीरात गेल्यावर एका रूपातून दुसरं तयार होतं.

तो बदल गोळी तपासून कळत नाही; त्यासाठी औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात दोन्ही रूपं वेगवेगळी मोजावी लागतात. गोळी पाकिटात असताना काय होतं, तेवढं आमच्या हातात आहे. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवलेले नमुने सहा महिन्यांपर्यंत ठरावीक टप्प्यांवर माझ्याकडे परत येतात, आणि आर वाढलं का, हे मी पुन्हा मोजते.