जसं होतं तसं, आणि त्यानंतर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. हे नाट्यगृह उभारणाऱ्या शाहू महाराजांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली तेच हे साल. छप्पर खाली आलं, रंगमंच भस्मसात झाला, मागे दगडी भिंती उभ्या राहिल्या. पनवेलला घरात बसून ती दृश्यं पाहताना जवळचं माणूस गेल्यासारखं झालं.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज युरोपात गेले. तिथली नाट्यगृहं आणि रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांच्या मनात घर करून राहिलं. त्यातून कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे हेच नाट्यगृह, उभं राहिलं. थिएटरचं काम १९१३ साली सुरू झालं नि १९१५ साली पुरं झालं. एका बाजूला हलगी आणि लाल माती, दुसऱ्या बाजूला नांदी आणि ऑर्गन. पैलवान आणि गवई या दोघांनाही एकाच मायेनं पोसणारा राजा या दोन वास्तूंच्या शेजारात मला जेवढा दिसतो, तेवढा त्याच्या पुतळ्यांत दिसत नाही.

ज्यांचं नाव १९५७ मध्ये या थिएटरला मिळालं ते केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९० चा. १९०८ साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. त्यात ते धैर्यधर होते नि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांतच ते गेले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

आगीनंतर कलावंत आणि नागरिक यांची मागणी एकमुखी होती: नाट्यगृह होतं तसंच उभं करा. सरकारनंही तसा शब्द दिला, निधी जाहीर केला. पण 'तसंच' म्हणजे काय, यावर रंगकर्मींत बोलणं निघालं की एकमत टिकत नाही. कुणाला दगडाचा चिरान् चिरा हवा असतो. कुणी म्हणतं, आजच्या नाटकाचं नेपथ्य आणि प्रकाशयोजना पेलणारा रंगमंच नसेल तर जुन्या भिंती कुणासाठी? दोघांचंही म्हणणं मला पटतं.

व्हेनिसचं ला फेनिचे हे ऑपेरागृह १९९६ साली जळालं. तिथल्या लोकांनीही 'जसं होतं तसं, जिथं होतं तिथं' हाच आग्रह धरला. कज्जे झाले, वर्षं गेली, आणि डिसेंबर २००३ मध्ये ते पुन्हा उघडलं. सोनेरी नक्षी जुन्या वळणाची, पण तिच्यामागे आग विझवण्याची यंत्रणा आजची. कोल्हापूरनं हीच वाट धरावी असं मला वाटतं. बाहेरून आणि बैठकीच्या घाटात शाहूंचं थिएटर दिसावं; विंगेमागची वायरिंग, पडद्यांचं कापड, पाण्याची टाकी, बाहेर पडायची दारं यांत जुन्याचा हट्ट नको. रंगमंचावर लाकूड, कापड, दोर आणि तापलेले दिवे एकत्र नांदतात. इतकी जळाऊ जागा गावात दुसरी क्वचितच असते.

तरीही माझी खरी काळजी वेगळी आहे. बांधकामाला निधी मिळतो, कोनशिलेला पाहुणे मिळतात. दर महिन्याला विजेचे जोड कोण तपासणार? लग्नाचं बुकिंग, राजकीय सभा आणि हौशी संस्थेची तालीम एकाच तारखेवर आली तर तारीख कुणाला? हे मी पनवेलकर म्हणून विचारतो. आमचं आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह तुलनेनं नवं, त्यालाही पालिकाच सांभाळते. अटल करंडक स्पर्धेच्या एकांकिका तिथं रंगतात तेव्हा तरुण मुलं विंगेत श्वास रोखून उभी असतात. त्या मुलांच्या डोक्यावरचे दिवे आणि पायाखालच्या फळ्या यांची निगा कोण ठेवतं, हे प्रेक्षकांनी विचारायला आग लागायची वाट कशाला पाहायची?

माझं म्हणणं एवढंच, की वास्तू पालिकेची राहो, पण तिच्या व्यवस्थापनात रंगकर्मींना बसायला जागा आणि मताला वजन मिळो. नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजनेचा माणूस, ध्वनी सांभाळणारा, यांतला एकेक जण त्या समितीत असावा. कुठली वायर गरम होते, कुठला दोर झिजलाय, हे त्यांना प्रत्येक प्रयोगात हाताला कळत असतं. त्यांनी वहीत नोंद करावी आणि ती दुरुस्ती झाल्याशिवाय पुढच्या प्रयोगाचा पडदा उघडू नये.