एका रात्रीचा राजा

पहिल्याच लढतीत हरलेला गडी त्याच रात्री जगज्जेता होऊन घरी गेला, असे कुणी सांगितले तर आपण थाप समजू. ७ डिसेंबर २००२ रोजी टोकियो डोममध्ये हे खरोखर घडले. एर्नेस्टो होस्ट हा ३७ वर्षांचा डच किकबॉक्सर उपांत्यपूर्व फेरीत बॉब सॅपकडून मार खाऊन बाद झाला. सॅप अमेरिकी फुटबॉलमधून आलेला, दीडशे किलोंहून जड. त्याचे तंत्र बेताचेच, पण समोरच्यालाही तंत्र वापरायला उसंत मिळू नये असा त्याचा धसमुसळा हल्ला. मात्र जिंकता जिंकता सॅपने स्वतःचा हात मोडून घेतला. तो पुढे खेळू शकेना, म्हणून नियमाप्रमाणे हरलेल्या होस्टलाच परत बोलावले. उपांत्य लढतीत रे सेफो जखमी होऊन थांबला. अंतिम लढतीत होस्टने फ्रान्सच्या जेरोम ले बानेरच्या बरगडीकडे एकामागून एक लाथा चढवल्या. बरगडी झाकायला आलेला डावा हात त्या लाथांनी मोडला. होस्टचे हे चौथे विजेतेपद.

हा न्याय झाला का? माझ्या मते नाही. पण के-वन ही स्पर्धा ज्या कल्पनेवर उभी होती, तिला हे धरूनच होते. इथे जिंकायची ती एक अख्खी रात्र. आठ जण उतरणार, तीन फेऱ्या होणार आणि मध्यरात्रीपूर्वी एकच उभा राहणार. आजच्या कुस्तीची सूज उद्या उतरते. इथे पहिल्या लढतीतली सुजलेली नडगी घेऊनच दुसऱ्या लढतीत लाथ मारायची असते. दोन लढतींच्या मधला वेळ बर्फ चोळण्यात आणि पट्ट्या बांधण्यात जातो. त्यामुळे पहिली लढत पाच मिनिटांत संपवणारा आणि जादा फेरीपर्यंत रखडणारा, दोघे उपांत्य फेरीत समोरासमोर आले तरी बरोबरीचे नसतात.

ही कल्पना काझुयोशी इशीई यांची. ते मूळचे क्योकुशिन परंपरेतले कराटेवाले. १९८० मध्ये त्यांनी ओसाकात सेइदोकाइकान ही स्वतःची शाखा काढली. कराटे श्रेष्ठ की थाई बॉक्सिंग, किकबॉक्सर वरचढ की कुंग-फूवाला, हा जपानी तालमींमधला जुना वाद. इशीईंनी तो तिकीट लावून सोडवायचे ठरवले. कराटे, किकबॉक्सिंग, कुंग-फू आणि समोरासमोरच्या झुंजीसाठीचा जपानी शब्द काकुतोगी, या सगळ्यांचा ‘के’ त्यांनी घेतला आणि पुढे एक आकडा लावला. एकच रिंगण, एकच विजेता. (मराठीतही ही सगळी नावे ‘क’नेच सुरू होतात, आणि त्यांत कुस्तीही बसते.) नियम सुटसुटीत ठेवले: तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, निकाल लागला नाही तर जादा फेरी. हात, पाय, गुडघा चालेल, कोपर नाही. स्पर्धेत एका फेरीत दोनदा खाली पडला की गडी बाद.

पहिली स्पर्धा ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोच्या योयोगी क्रीडागृहात झाली. बक्षीस एक लाख डॉलर. जपानी प्रेक्षकांची भिस्त होती सेइदोकाइकानच्या मासाआकी साताकेवर. साताकेने पहिल्या फेरीत अमेरिकेच्या टॉड हेजला हरवले. हाच हेज पुढे बर्फावरच्या घसरगाडीत बसला आणि २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक घेऊन आला. पण ती रात्र होती ब्रांको त्सिकातिचची. क्रोएशियाचा हा माणूस तेव्हा ३८ वर्षांचा होता. या वयात किकबॉक्सर हातमोजे खुंटीला टांगतात. त्याने तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना आडवे केले, साताकेही त्यात आला. अंतिम लढतीत होस्ट पहिल्याच फेरीत गेला.

तेव्हापासून २०१० पर्यंत ही खुल्या वजनाची मुख्य स्पर्धा अठरा वेळा झाली. त्यात जपानी विजेता एकही नाही. साताके एकदा आणि मूसाशी दोनदा अंतिम लढतीपर्यंत पोचून हरले. अठरापैकी पंधरा विजेतेपदे एकट्या नेदरलँड्सने नेली: होस्ट चार, २१२ सेंटीमीटर उंचीचा सेमी स्खिल्ट चार, पीटर आर्ट्स तीन, रेमी बोन्यास्की तीन आणि अ‍ॅलिस्टर ओव्हरीम एक. यजमानांनी मांडव घालायचा आणि वरात दरवेळी अ‍ॅमस्टरडॅमकडे निघायची!

याचे मूळ मात्र जपानमध्येच सापडते. साठच्या दशकात क्योकुशिनचे संस्थापक मास ओयामा यांच्या तालमीतले तीन कराटेपटू थाई बॉक्सरांशी भिडायला बँकॉकला गेले. दोघे जिंकले. तिसरे, केंजी कुरोसाकी, थाई कोपराचा फटका खाऊन हरले. या सहलीमागे असलेले प्रवर्तक ओसामु नोगुची यांनी १९६६ मध्ये जपानमध्ये नवा खेळ उभा केला आणि त्याला ‘किकबॉक्सिंग’ हे नावही दिले. किकबॉक्सर तादाशी सावामुराच्या लढती दूरचित्रवाणीवर घरोघरी पोचल्या. हरून आलेल्या कुरोसाकींनी टोकियोत मेजिरो नावाची तालीम काढली. तिथे शिकायला आलेल्या यान प्लास या डच माणसाने १९७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याच नावाची तालीम उघडली. जपानी हातांची आणि थाई लाथांची ती मिसळण डच मुलांच्या अंगी मुरली. हाताचे दोन-तीन ठोसे वर दाखवायचे आणि शेवटी नडगी खाली मांडीवर उतरवायची, ही होस्ट-आर्ट्सची पेटंट चाल तिथलीच. पंधरा वर्षांनी ही पोरे जपानमध्ये परतली, ती यजमानांना हरवायला.

जपानी प्रेक्षकांनी याचा राग धरला नाही. त्यांचा सर्वांत लाडका झाला तो अँडी हुग, स्वित्झर्लंडचा. अंगाने इतरांपेक्षा लहान, आणि आलेला कराटेतून. पाय सरळ डोक्याच्या वर न्यायचा आणि टाच कुऱ्हाडीसारखी खाली आणायची, ही त्याची खासियत. इतक्या वजनाच्या गटात असे कुणी करत नसे, कारण पाय वर गेला की माणूस उघडा पडतो. हुग कितीदा तरी उघडा पडला आणि हरलाही. १९९६ मध्ये मात्र त्याने स्पर्धा मारली. २४ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, टोकियोतच रक्ताच्या कर्करोगाने तो गेला.

भरभराटीचा काळ मोठा होता, आणि बिघाडही त्यातच सुरू झाला. २००३ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात इशीईंना अटक झाली आणि पुढे शिक्षाही. कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला नागोयात बॉब सॅपसमोर उभा राहिला आकेबोनो, सूमोतला पहिला परदेशी योकोझुना. वर्षअखेरच्या रात्री जपानी कुटुंबे एनएचके वाहिनीवरचा गाण्यांचा कार्यक्रम ‘कोहाकु’ बघतात, हा अनेक दशकांचा रिवाज. त्या रात्री काही मिनिटे के-वनने कोहाकुलाही मागे टाकले. प्रत्यक्ष लढत पहिल्या फेरीतच आटोपली. आकेबोनो पालथा पडला आणि उठला नाही. सूमोच्या सर्वोच्च पदावर बसलेला माणूस तोंडघशी पडलेला देशाने पाहिला. प्रेक्षकसंख्येचा विक्रम झाला, खेळाला काय मिळाले हे मला अजून कळलेले नाही.

खेळ टिकला तो धाकट्या भावामुळे. २००२ मध्ये ७० किलोंसाठी के-वन मॅक्स सुरू झाली, आणि जपानी मुलांना आपल्या वजनाचे रिंगण मिळाले. देखणा, चपळ मासातो २००३ आणि २००८ मध्ये जिंकला. २००४ ला थायलंडच्या बुआकावने त्याला अंतिम लढतीत हरवले, मानेला धरून गुडघ्यांचा मारा करत. त्यानंतर धरून गुडघे मारण्यावरचे नियम कडक झाले. थाई चाहते अजूनही याचा संबंध मासातोच्या पराभवाशी जोडतात, आणि त्यांना खोटे ठरवणे अवघड आहे.

२००७ मध्ये मोठ्या वजनांतही वेगळे पट्टे आले: अतिवजनी गटाचा स्खिल्टकडे, शंभर किलोंपर्यंतचा बाद्र हारीकडे. ‘एकच विजेता’ ही भाषा तिथे संपली. पुढच्याच वर्षी अंतिम लढतीत हारीने खाली पडलेल्या बोन्यास्कीला ठोसे मारले आणि वर पायही दिला. पंचांनी त्याला बाद ठरवले आणि त्याचा पट्टाही काढून घेतला. २०१० नंतर खेळाडूंची मानधने थकली आणि २०१२ मध्ये संयोजक कंपनी दिवाळखोरीत निघाली.

२०१४ मध्ये जपानमध्ये नव्या व्यवस्थापनाखाली के-वन परत उभी राहिली, ती हलक्या वजनांवर. या नव्या काळाचा नायक ताकेरू. ५५, ५७.५ आणि ६० अशा तीन वजनांत तो विजेता झाला. दोन-अडीच किलोंच्या अंतराने पट्टे वाटायचे म्हटले तर विजेते पुष्कळ होतात, ही टीका रास्त आहे. तरी १९ जून २०२२ रोजी टोकियो डोममध्ये ताकेरू आणि प्रतिस्पर्धी संघटनेचा तेनशिन नासुकावा भिडले, तेव्हा ५६,३९९ लोक आले. साठ किलोंच्या आतबाहेरचे दोन तरुण, आणि दोघेही जपानी. तेनशिनने पहिल्याच फेरीत ताकेरूला खाली बसवले आणि गुणांवर लढत जिंकली.

ज्यांनी के-वन कधीच पाहिली नसेल त्यांनी सुरुवात सॅपपासून करू नये. ६ मे १९९६, योकोहामा, हुग विरुद्ध माइक बर्नार्डो, ही अंतिम लढत शोधा. त्या रात्री हुग उपांत्य फेरीत होस्टशी दोन जादा फेऱ्या खेळून आलेला आहे. दुसऱ्या फेरीत तो पाठ फिरवून गिरकी घेतो, तेव्हा त्याच्या हातांकडे नको, टाचेकडे बघा. ती या वेळी डोक्यावर पडत नाही, बर्नार्डोच्या मांडीवर पडते.